पोटुशी असताना फिरायला निघताय? आधी विम्याचं बघा

म्हापशाच्या बाजारात तिकिटांच्या टेबलामागे बसून मला पंधरा वर्षं झाली. दिवाळी सरली की दोन तऱ्हेची जोडपी सुरू होतात. एक इथलीच, फोंड्या-डिचोलीकडची, त्यांना दुबई नाहीतर बँकॉक गाठायचं असतं. दुसरी पुण्या-कोल्हापुराकडून गोव्यात यायची, त्यांचे फोन येतात. दोघांचाही प्रश्न एकच, आणि तो बहुतेक वेळा बायकोऐवजी नवराच विचारतो: "मॅडम, सातवा चालू आहे, इन्शुरन्स मिळेल ना?"

मिळतो. पैसे भरले की पाच मिनिटांत पॉलिसी मेलवर येऊन पडते. त्या पॉलिसीत गरोदरपणाबद्दल काय लिहिलंय, हे मात्र कोणी विचारत नाही. आपल्याकडच्या बहुतेक प्रवास विम्यांत गरोदरपण आणि बाळंतपणाचा खर्च सरळ वगळलेला असतो. हे सांगितलं की लगेच पुढचा सवाल, मग काढायचाच कशाला? पाय घसरून हात मोडला, डेंग्यू झाला, बॅग हरवली, पासपोर्ट गेला, यासाठी काढायचा. बाळंतपणाची सोय वेगळी लावायची. या दोन खात्यांची सरमिसळ केली की पुढे भांडणं होतात, आणि ती माझ्या टेबलावर येऊन होतात.

महिने सोडा, आठवडे मोजा

आपल्या घरांत महिने मोजतात. सातवा लागला, आठवा सरत आला, नववा चालू. विमा कंपनी आणि विमान कंपनी, दोघीही आठवडे मोजतात, तेही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पूर्ण काळ 40 आठवडे, म्हणजे 280 दिवस. पहिल्या सोनोग्राफीनंतर डॉक्टरांनी तारीख बदलून दिली असेल, तर तीच धरायची.

मागे एक जोडपं 12 ते 19 डिसेंबरचं तिकीट काढायला आलं. "सातवा सरतोय" एवढंच त्यांना माहीत. मी भिंतीवरचं कालनिर्णय काढून टेबलावर ठेवलं आणि पाळीची तारीख विचारली. 5 मे. पेनाने आठवड्याआठवड्याला टिंब देत गेले. 12 डिसेंबरला 31 आठवडे 4 दिवस भरत होते, 19 डिसेंबरला 32 आठवडे 4 दिवस. जाताना काहीच अडचण नव्हती. येताना मात्र 32 ओलांडलेले, आणि साधारण इथूनच विमान कंपन्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागायला लागतात. परक्या देशात, अनोळखी डॉक्टरकडे, सुट्टीच्या शेवटच्या दिवशी ते प्रमाणपत्र मिळवायला कुठे धावणार? आम्ही सहल दहा दिवस अलीकडे आणली. तो नवरा अजून मला "टिंबवाल्या मॅडम" म्हणतो.

तेव्हा आठवडे मोजायचे ते परतीच्या दिवसाचे. साधारण रीत अशी की एकच बाळ असेल तर 32 आठवड्यांपर्यंत प्रमाणपत्राशिवाय, त्यापुढे 36 पर्यंत प्रमाणपत्रासह, आणि त्यानंतर विमानात घेत नाहीत. जुळी असतील तर ही मर्यादा अलीकडे सरकते. कंपनीकंपनीत फरक आहे, प्रमाणपत्र किती दिवसांपूर्वीचं चालतं यातही फरक आहे. म्हणून तिकीट काढायच्या आधी आपल्या कंपनीचं गरोदर प्रवाशांसाठीचं पान वाचायचंच. विमा कंपनीने गरोदरपणातल्या गुंतागुंतीसाठी काही संरक्षण दिलं असेल, तर तिथेही आठवड्यांची अट असते आणि ती विमान कंपनीच्या अटीशी जुळेलच असं नाही. दोन्हींतली जी आधी संपते ती आपली मर्यादा.

डॉक्टरांची चिठ्ठी, नीट लिहिलेली

"शी इज फिट" अशी तीन शब्दांची चिठ्ठी उपयोगाची नाही. चिठ्ठीत तारीख, आजचे आठवडे, बाळंतपणाची अपेक्षित तारीख, बाळ एक की जुळी, रक्तदाब, साखर, वार (प्लॅसेंटा) खाली आहे का, आधीचं सिझेरियन आहे का, आणि अमुक ते अमुक तारखेला प्रवासाला हरकत नाही, हे सगळं हवं. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. डॉक्टर घाईत असतात, आपण हे मुद्दे कागदावर लिहून न्यावेत. मी क्लायंटना छापील कागदच देते.

डॉक्टर नको म्हणाले तर विषय तिथेच संपतो. डॉक्टरांचा सल्ला मोडून केलेला प्रवास हे प्रवास विम्यातलं ठरलेलं वगळणं आहे. मग पाय मोडला तरी कंपनी ते कलम पुढे करू शकते. "एका डॉक्टरने नाही म्हटलं, दुसऱ्याकडून चिठ्ठी आणली" असं सांगणारेही भेटतात. पहिल्या डॉक्टरांच्या फाइलवर ती नोंद असते, आणि क्लेमच्या वेळी कंपनी जुनी फाइल मागते.

घरात आधीच काय आहे ते काढा

देशातल्या देशात फिरायचं असेल, म्हणजे पुण्याहून गोव्यात किंवा गोव्यातून महाबळेश्वराला, तर तुमचा खरा आधार प्रवास विमा नाही, मेडिक्लेम आहे. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या ऑफिसचा ग्रुप मेडिक्लेम असेल तर त्यात बाळंतपण बहुधा पहिल्या दिवसापासून असतं, ठरावीक रकमेपर्यंत. स्वतः काढलेल्या पॉलिसीत ते असलंच तर आधी थांबायचा काळ असतो, 9 महिन्यांपासून थेट काही वर्षांपर्यंत. आज सातव्यात असताना काढलेली पॉलिसी या बाळंतपणाला उपयोगी पडणार नाही, एजंट काहीही म्हणो.

पॉलिसीच्या कागदात एक्सक्लूजन, म्हणजे वगळण्याचं कलम, क्रमांक 18 शोधा. विमा नियामक आयआरडीएआयने ठरवून दिलेला हा क्रमांक आहे, त्यामुळे तो कंपनीगणिक बदलत नाही. त्यात बाळंतपणाचा खर्च वगळलेला असतो, गुंतागुंतीची प्रसूती आणि सिझेरियनसह. तो तुमच्या पॉलिसीत असेल आणि वर मॅटर्निटीचा वेगळा फायदा घेतलेला नसेल, तर बिल तुमच्याच खिशातून जाणार.

याच कलमात एक अपवाद असतो आणि काही एजंट तो झेंड्यासारखा नाचवतात: एक्टोपिक प्रेग्नन्सी, म्हणजे गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुधा नळीत राहणं. पुष्कळ प्रवास विम्यांतही तेवढंच दिलेलं असतं. "बघा ताई, प्रेग्नन्सी कव्हर आहे!" अहो, ते संकट पहिल्या दोन-तीन महिन्यांतलं. सातव्या-आठव्या महिन्यात त्या ओळीचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही.

ऑफिसचा मेडिक्लेम असेल तर टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेच्या, यादीत जायच्या गावातलं कोणतं हॉस्पिटल आहे ते निघण्याआधी पाहून ठेवा, आणि तिथे प्रसूती विभाग व नवजात बाळांचं आयसीयू आहे का हे फोन करून विचारा. यादीत नाव असतं, पण ते डोळ्यांचं हॉस्पिटल निघतं, असंही झालंय. जानेवारी 2024 पासून यादीबाहेरच्या हॉस्पिटलातही कॅशलेस (बिल कंपनीने थेट भरणं) मिळावं अशी सोय विमा कंपन्यांनी केली आहे. तातडीने भरती झाल्यास 48 तासांत कंपनीला कळवायचं असतं. हॉस्पिटलने हो म्हणायला हवं, ही मेख आहेच.

परदेशी जाणार असाल तर

मेडिक्लेम सहसा देशाच्या वेशीपर्यंतच चालतो. पलीकडे प्रवास विमा, आणि तो निघण्याआधीच काढायचा.

इथे एक मोठा गैरसमज असतो तो व्हिसाच्या विम्याचा. युरोपच्या शेंगेन व्हिसाला किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. तो काढला, व्हिसा मिळाला, की लोकांना वाटतं सगळं झालं. व्हिसा अधिकारी रक्कम आणि तारखा बघतो. त्या पॉलिसीत गरोदरपण वगळलेलं आहे की नाही, हे बघणं त्याचं काम नाही, तुमचं आहे.

पॉलिसी घेण्याआधी जाहिरातीचं पान बाजूला ठेवा आणि पूर्ण अटींची पीडीएफ उघडा. शोधायच्या चौकटीत एकेक शब्द टाका: प्रेग्नन्सी, चाइल्डबर्थ, मॅटर्निटी, प्रीमॅच्युअर, न्यूबॉर्न. अर्थात इंग्रजीत टाका, कागद इंग्रजीतच असतो. प्रत्येक जागी थांबून मागचं-पुढचं वाक्य वाचा. पंधरा मिनिटांचं काम आहे. हे पैसे भरायच्या आधी करायचं, कारण वर्षभराच्या आरोग्य पॉलिसीला वाचून परत करायला 30 दिवस मिळतात, तशी सवड आठवड्याच्या प्रवास विम्याला नसते.

तीन तऱ्हा सापडतील. गरोदरपणाशी संबंध असलेलं सगळं वगळलेलं, ही नेहमीची. दुसरीत जिवावर बेतणारी गुंतागुंत अमुक आठवड्यापर्यंत धरलेली असते. हे मिळालं तर घ्या, चार पैसे जास्त पडले तरी. तिसरीत गरोदरपणाबद्दल चकार शब्द नसतो, आणि ही तिसरी मला सगळ्यात धोक्याची वाटते. लिहिलेलं नाही म्हणजे मिळणार, असा अर्थ आपण लावतो, कंपनी उलटा लावते.

म्हणून ईमेल. कॉल सेंटरवरच्या मुलीने "हो मॅम, कव्हर्ड आहे" म्हटलेलं क्लेमच्या टेबलावर कोणी ऐकून घेत नाही. मी क्लायंटकडून साधारण असा मजकूर पाठवून घेते:

"मी अमुक तारखेला भारतातून निघून अमुक तारखेला परतणार आहे. परतीच्या दिवशी गरोदरपणाचे 30 आठवडे 3 दिवस भरलेले असतील. बाळ एकच आहे. थायरॉइडची गोळी चालू आहे, बाकी त्रास नाही. तुमच्या अमुक पॉलिसीत पुढील गोष्टी आहेत का, कलम क्रमांकासह कळवावे. गरोदरपणातील तातडीच्या गुंतागुंतीचा हॉस्पिटल खर्च. वेळेआधी प्रसूती झाल्यास आईचा खर्च. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचा खर्च. डॉक्टरांनी प्रवास थांबवायला सांगितल्यास सहल रद्द झाल्याची भरपाई. गरोदरपणाशी संबंध नसलेल्या आजारात गरोदर असल्याच्या कारणावरून क्लेम नाकारला जाईल का."

शेवटचा प्रश्न विसरू नका. का, ते पुढे सांगते. उत्तर गोलमोल आलं तर दुसरी कंपनी बघायची. दुकानं पुष्कळ आहेत.

काही लपवू नका

थायरॉइड, गरोदरपणातला मधुमेह, रक्तदाब, आयव्हीएफ, आधीचा गर्भपात, आधीचं सिझेरियन: फॉर्ममध्ये विचारलेलं सगळं सांगायचं. सासूबाई शेजारी बसलेल्या असल्या की आधीच्या गर्भपाताचं नाव निघत नाही, हे मी पाहिलंय. मग मी सासूबाईंना समोरच्या दुकानात सोलकढी प्यायला पाठवते आणि फॉर्म पुरा करते.

सुट्टी की बाळंतपण, हेही खरं लिहा. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून पुण्याची मुलगी आठव्यात फोंड्याला येते आणि जाता जाता चार दिवस समुद्र बघू म्हणते. विम्याच्या भाषेत तो बाळंतपणासाठीचा प्रवास झाला. परदेशात माहेरच्या माणसांकडे जाऊन बाळंत व्हायचं असेल, तर प्रवास विम्याकडून काहीच अपेक्षा ठेवू नका. उपचारासाठी केलेला प्रवास त्यात बसत नाही.

गोव्यात येणाऱ्यांसाठी

आठव्याच्या आसपास असाल तर राहायची जागा निवडताना समुद्र किती जवळ, याआधी हॉस्पिटल किती जवळ, हे बघा. सरकारी मोठं हॉस्पिटल म्हणजे बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, सगळे जीएमसी म्हणतात. उत्तरेचं जिल्हा रुग्णालय म्हापशात, दक्षिणेचं मडगावात. काणकोणातलं पाळोळे सुंदर आहे, पण तिथून मडगाव सुमारे 40 किलोमीटर, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रस्त्यावर गाड्यांची रांग. कोलवा-बाणावलीकडे राहिलात तर मडगाव हाताशी. रुग्णवाहिकेला 108. जीएमसीत गोव्याबाहेरच्या रुग्णांकडून 2018 पासून शुल्क घेतलं जातं. इथल्या रहिवाशांना दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचा आधार असतो, तो पाहुण्यांना नाही. कार्ड मिळायला गोव्यात पाच वर्षं राहिलेलं असावं लागतं.

रेल्वेने येणारे हमखास सांगतात, "तिकिटाबरोबर इन्शुरन्स घेतलाय." आयआरसीटीसीचा तो 45 पैशांचा विमा! घ्या, जरूर घ्या, मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला 10 लाख देतो. पण तो रेल्वे अपघाताचा आहे. थिवी स्टेशन यायच्या आधी कळा सुरू झाल्या तर त्याचा संबंध नाही. खासगी गाडीने येणार असाल तर चोर्ला किंवा आंबोलीच्या वळणांबद्दल डॉक्टरांशी बोला. दर दोन तासांनी उतरून चाला. आणि गोव्यात भाड्याच्या स्कूटरवर मागे बसणं राहू द्या. ते विम्यासाठी सांगत नाही, इथले रस्ते रोज बघते म्हणून सांगते.

बाळाचा खर्च, ज्याचं कोणी बोलत नाही

37 आठवड्यांआधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. त्याला काही दिवस, कधी काही आठवडे आयसीयूत ठेवावं लागतं, आणि आईच्या बिलापेक्षा ते बिल मोठं होतं. प्रवास विमा आईच्या नावावर असतो. बाळ त्या कागदावर नसतं. फॅमिली फ्लोटरमध्येही, म्हणजे सगळ्या कुटुंबाच्या एकत्र आरोग्य पॉलिसीतही, पुष्कळदा बाळ 91व्या दिवसापासून धरतात. मॅटर्निटीचा फायदा असलेल्या काही पॉलिसींत पहिल्या दिवसापासून असतं. तुमच्याकडे कोणतं आहे ते ऑफिसच्या एचआरला मेल करून विचारा, तोंडी नको.

परदेशात बाळ झालं तर कागदांचं वेगळंच प्रकरण. तिथला जन्मदाखला, मग भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत जन्मनोंदणी, मग बाळाचा पासपोर्ट, तेव्हा कुठे घर. तेवढे दिवस राहण्या-जेवण्याचा खर्च कोण देणार, याचा हिशेब मांडून मगच 34व्या आठवड्याचं तिकीट मागा. मी तर त्या तिकिटाला आधी नाहीच म्हणते. माझं कमिशन बुडतं, बुडो.

क्लेम: माझ्या भावजयीची गोष्ट

भावजय 27व्या आठवड्यात बँकॉकला गेली होती. तिसऱ्या दिवशी बाहेरचं खाणं बाधलं. उलट्या-जुलाब, अंगातलं पाणी गेलं. हॉस्पिटलात सलाइन लावली आणि बाळाचे ठोके बघायला रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी सोडलं, सगळं ठीक. डिस्चार्जच्या कागदावर मात्र पहिल्या ओळीत "27 आठवडे गरोदर, वेळेआधी कळांची शंका" आणि दुसऱ्या ओळीत जुलाब. कंपनीने पहिली ओळ वाचली आणि गरोदरपणाचं कलम लावून क्लेम परत पाठवला.

मी त्या धंद्यात असून मला हे तेव्हा सुचलं नव्हतं की घरी यायच्या आधी कागद वाचावा. पुढे सात आठवडे मेल चालले. हॉस्पिटलकडून खुलासा मागवला की भरतीचं मूळ कारण अन्नातून झालेली बाधा होती. शेवटी सलाइन-औषधांचे पैसे आले, ठोके तपासल्याचे कापले.

डिस्चार्ज घेताना म्हणूनच खाटेवर बसल्या बसल्या कागद वाचा आणि डॉक्टरांना सांगा की ज्या कारणाने आलो ते आधी लिहा. खोटं लिहून घ्यायचं नाही. जे झालं तेच, पण त्याच्या क्रमाने. पॉलिसीवरच्या मदत क्रमांकाला भरती होतानाच फोन करा आणि ते देतील तो संदर्भ क्रमांक लिहून ठेवा. बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे कागद, सगळ्यांचे फोटो त्याच दिवशी. सुरुवातीचे 50 किंवा 100 डॉलर आपणच भरायची अट बहुतेक पॉलिसींत असते, तो वजावटीचा आकडा आधी बघून ठेवा.

नाकारलं तर कोणत्या कलमाखाली नाकारलं हे लेखी मागा, द्यावंच लागतं. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, मग नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर. कंपनीने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर विमा लोकपाल. गोव्यातली प्रकरणं मुंबईच्या कार्यालयात जातात. फी नाही, वकील लागत नाही. तो कलम क्रमांकासह आलेला ईमेल इथे सोन्याचा ठरतो.

हातातल्या पिशवीत

पॉलिसीची छापील प्रत, मदत क्रमांक मोठ्या अक्षरात, डॉक्टरांची चिठ्ठी, शेवटची सोनोग्राफी, रक्तगट (आरएच निगेटिव्ह असेल तर लाल पेनाने, म्हणजे अँटी-डी इंजेक्शनचं कोणी विसरणार नाही), चालू गोळ्यांची यादी, माता-बाल संरक्षण कार्ड. सगळ्याचे फोटो नवऱ्याच्या आणि घरी राहिलेल्या एका माणसाच्या फोनमध्ये. आणि ही फाइल हातातल्या पिशवीतच. मागच्या वर्षी एका क्लायंटने ती मोठ्या बॅगेत भरली, बॅग मोपा विमानतळावर काउंटरला चेक-इन झाली, आणि गेटवर प्रमाणपत्र मागितल्यावर मला फोन. माझ्याकडे फोटो होता म्हणून निभावलं.